गाठ सांगते, जाळं होतं

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकांच्या रक्ततपासणीचा कागद वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. वय 72, फ्लूने चार दिवस अंथरुणात, आणि डी-डायमर या तपासणीचा आकडा 680. मर्यादा 500 छापलेली, म्हणून आकडा ठळक अक्षरांत. तासाभरात ‘रक्तात गुठळ्या झाल्यात’ असं ठरूनही गेलं. कोणी अ‍ॅस्पिरिन सुचवली, कोणी लसूण, कोणी रोज दोन पेले सोलकढी.

काळजी अगदीच अनाठायी नव्हती. रक्त नको तिथे गोठायला तीन गोष्टी कारण होतात: प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा आणि खुद्द रक्ताचा गोठण्याकडे कल. विषाणूने छाती धरली की तिन्ही एकदम येतात. माणूस पडून राहतो, अस्तर सुजतं, यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं जाळं ज्याचं बनतं ते प्रथिन, जास्त बनवू लागतं. कोविडमुळे हे सगळ्यांना कळलं, पण फ्लूमध्येही असंच होतं.

आता तो आकडा. मालवणच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतात तिथे जरा बसून बघा. फाटका भाग कापून टाकतात, आणि वाळूत तुकडे पडतात: मधे घट्ट गाठ, बाजूंना आखूड दोरे. डी-डायमर म्हणजे असाच तुकडा.

फायब्रिनोजेनचा रेणू लांबट असतो. मधे ‘ई’ नावाचा गोळा, दोन्ही टोकांना ‘डी’. थ्रॉम्बिन नावाचं रक्त गोठवणारं विकर मधल्या गोळ्यावरची बारीक टोकं छाटतं, की हे रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचा दोरा होतो. मग रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेरावा येतो आणि एका रेणूचा ‘डी’ शेजारच्या ‘डी’ला पक्का बांधतो. ही गाठ. काम झालं की प्लाझ्मिन हे दुसरं विकर जाळं कापायला लागतं, पण ते कापतं ‘डी’ आणि ‘ई’च्या मधला दोरा. गाठ त्याला सुटत नाही. रक्तात उरतात ते जोडलेले दोन ‘डी’. म्हणजे हा तुकडा दिसला तर दोन गोष्टी नक्की: जाळं विणलं गेलं होतं, आणि ते कापलंही जातंय.

पण कुठे विणलं, कशासाठी, हे गाठ सांगत नाही. सुजलेल्या फुफ्फुसात फायब्रिन साचतं, त्यानेही आकडा चढतो. गरोदरपणात चढतो, शस्त्रक्रियेनंतर चढतो, वयाबरोबर चढतो. म्हणून पन्नाशीनंतर मर्यादा वय गुणिले 10 धरण्याची पद्धत आहे, काकांसाठी 720. एककही बघावं लागतं. काही लॅब एफईयू (फायब्रिनोजेनच्या मापात) देतात, काही डीडीयू (नुसत्या डी-डायमरच्या मापात), आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. वयाचं हे गणित एफईयूचं. या तपासणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे: धोका कमी वाटतोय आणि आकडाही मर्यादेच्या आत, तर गुठळीची शंका बहुतेक मिटते. धोका मुळातच जास्त दिसला तर आकड्यावर न थांबता पायाची डॉप्लर किंवा छातीचं सीटी करतात.

‘रक्त पातळ करणं’ हा शब्दच फसवा आहे. हेपरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाने रक्त पाण्यासारखं होत नाही. थ्रॉम्बिनला आवरणारं शरीरातलंच प्रथिन त्याने झपाट्याने काम करू लागतं. सोलकढी जेवणावर प्या, गुठळीवरचं औषध म्हणून नको. अ‍ॅस्पिरिनबद्दल मात्र कळकळीने सांगतो: पावसाळ्यात आपल्याकडचा ताप डेंग्यूचाही असू शकतो. त्यात प्लेटलेट्स आधीच घटतात, आणि वरून ही गोळी रक्तस्राव वाढवते. मनाने घेऊ नका.

काकांना तालुक्याला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी आधी नाडी मोजली: 84. गुठळीचा धोका किती, हे ठरवायला डॉक्टर अशा खुणांना गुण देतात; नाडी शंभराच्या वर असती तर दीड गुण. खोकल्यातून रक्त पडतं का, श्वास घेताना कळ येते का, पूर्वी कधी गुठळी झाली होती का, कॅन्सर आहे का, सगळं विचारलं. चार दिवस पडून होते त्याचे दीड गुण धरले. मग शिंप्याकडे असते तशी टेप काढून गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. फरक अर्धा सेंटिमीटर. 3 सेंटिमीटरच्या वर असता तर सूज धरली असती. कागद त्यांनी सगळ्यात शेवटी मागितला.