मनसरचं मँगनीज कापडावर चढतं तेव्हा

नागपूरहून जबलपूर रस्त्याने रामटेकला निघालं की आधी मनसर लागतं. इथे इंग्रजांच्या काळापासून मँगनीज खणलं जातंय. खाणी चालवणाऱ्या ‘मॉइल’चं मुख्यालयही नागपुरातच. बहुतेक माल पोलादाच्या कामी येतो, पण भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्यांकडे जातं. टॉर्चचा जुना सेल फोडला की बोटं काळी करते ती पूड मुख्यतः याचीच. वाकवता येणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठीही (वीज साठवून झटपट परत देणारं साधन) आता याच ऑक्साइडवर जगभर काम चाललंय.

सुपरकपॅसिटर काही सेकंदांत चार्ज होतो, पण त्यात बॅटरीच्या मानाने ऊर्जा फार कमी मावते. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर आयन नुसते पृष्ठभागाशी गोळा होतात. ऑक्साइडमध्ये त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनचीही देवाणघेवाण होते आणि साठा वाढतो. 1971 मध्ये रुथेनियम ऑक्साइडचा हा गुण नोंदवला गेला, पण तो धातू भलताच महाग. 1999 मध्ये ली आणि गुडइनफ यांनी स्वस्त मँगनीज डायऑक्साइडही तसंच वागतं हे दाखवलं. हे गुडइनफ म्हणजे लिथियम बॅटरीसाठी 2019 चं नोबेल मिळालेलेच.

कागदावरचा हिशेब झकास आहे: ग्रॅममागे सुमारे 1370 फॅरड (फॅरड म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं एकक). अडचण अशी की हे ऑक्साइड विजेचं वाहक म्हणून अगदीच सुमार, शिवाय ठिसूळ. जाड थर दिला तर आतला माल वापरलाच जात नाही, आणि वाकवलं की जुन्या चुन्याच्या भिंतीसारखे पोपडे सुटतात.

म्हणून ते कार्बनच्या कापडावर चढवतात. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात कापड बुडवून गरम केलं की कार्बनच परमँगनेटचं क्षपण करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो, आणि धाग्यांवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो. वेगळा डिंक लागत नाही. वीज वाहणं आणि वाकणं कापडाकडे, साठवण ऑक्साइडकडे.

ग्रॅममागचे मोठे आकडे मात्र जपून वाचावेत. थर अतिशय पातळ ठेवला की आकडा फुगतो, पण कापडाच्या चौरस सेंटिमीटरवर साठा जेमतेमच राहतो. खरा कस जाड थर देऊनही वीज आतवर पोचवण्यात आहे.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! दोन इलेक्ट्रोडच्या मधे बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाणीदार जेल असतं. पाणी उडालं की आयनांची वाट अडते. वेष्टन नीट बंद नसेल तर नागपूरच्या 45 अंशांत ते सुकायला वेळ लागणार नाही. प्रयोगशाळेत हे साधन हजार वेळा वाकवून पाहणाऱ्यांनी एक नमुना मे महिन्यात इथल्या गच्चीवरही ठेवून बघावा.