डिस्क आणि सर्व्हरच्या मधली वही: स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनची पार्श्वभूमी

स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनची मूळ कल्पना मेनफ्रेमच्या काळातली आहे. प्रोग्रामला डिस्कवरची खरी जागा सांगायची नाही, मध्ये एक तक्ता ठेवायचा. स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये आपल्या हाती टोकन असते, बॅग कुठल्या फळीवर आहे ते आतल्या वहीत. फायदे आणि दुखणी, दोन्ही या वहीतूनच येतात.

आयबीएमच्या 1972 च्या व्हीएम/370 मध्ये ‘मिनीडिस्क’ होती. एकाच डिस्कचे सिलिंडर (डिस्कवरचे गोल पट्टे) वाटून द्यायचे आणि प्रत्येकाला वाटे, डिस्क आपलीच. 1974 ला जाहीर झालेल्या 3850 यंत्रणेत मधाच्या पोळ्यासारख्या खणांत 50 एमबीची टेप-काडतुसे असत. अशी दोन मिळून 100 एमबीची एक 3330 डिस्क असल्याचे भासवले जाई आणि मागणी आली की डेटा खऱ्या डिस्कवर उतरवला जाई. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड ही अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत मांडली. स्वस्त डिस्कची मोट बांधून एक मोठी डिस्क दाखवायची सोय त्यातून झाली.

धंद्याच्या दृष्टीने खरी अडचण 90 च्या दशकातली. एका सर्व्हरची डिस्क भरलेली, शेजारच्याची रिकामी. फायबर चॅनेल या स्टोरेजसाठीच्या नेटवर्कने सगळ्यांना एका जाळ्यात आणले, तरी प्रत्येक एलयूएन (सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेला भाग) आपापल्या डिस्कच्या पेटीला, म्हणजे अ‍ॅरेला बांधलेलाच राहिला. अ‍ॅरे जुना झाला की शनिवार-रविवार अ‍ॅप्लिकेशन बंद ठेवून कॉपी करायची. शिवाय नवा अ‍ॅरे त्याच कंपनीचा घेतला तर काम सोपे, म्हणजे भाव पाडून मागायची सोय नाही.

2003 मध्ये आलेला आयबीएमचा एसएएन व्हॉल्यूम कंट्रोलर नेमका सर्व्हर आणि स्टोरेजच्या मधल्या वाटेत बसला. स्थलांतराची रीत अशी: अ‍ॅप्लिकेशन थोडा वेळ थांबवा, झोनिंग (जाळ्यात कोणी कोणाशी बोलायचे तो नियम) बदलून जुना एलयूएन कंट्रोलरला द्या, तो ‘इमेज मोड’मध्ये जसाच्या तसा व्हॉल्यूम (सर्व्हरला दिसणारी डिस्क) म्हणून सर्व्हरला परत दाखवा आणि काम सुरू करा. नव्या अ‍ॅरेवर डेटा मागाहून, चालू कामातच सरकतो.

यात वहीची एक ओळ म्हणजे एक एक्स्टेंट, जागेचा ठरावीक आकाराचा तुकडा. कंट्रोलरच्या एका क्लस्टरला (गटाला) 41,94,304 एक्स्टेंट मिळतात. सगळीकडे 16 एमबीचा धरला तर 64 टीबीवर गाडी थांबते, 256 एमबीचा धरला तर 1 पीबीपर्यंत जाते. पूल (अनेक एलयूएन एकत्र करून केलेला जागेचा साठा) बनवताना ठरलेला एक्स्टेंटचा आकार पुढे बदलत नाही. वेगळ्या आकाराच्या पुलात व्हॉल्यूम न्यायचा तर साधे स्थलांतर चालत नाही, मिरर कॉपी (तंतोतंत जुळी प्रत) जोडून जुनी काढावी लागते. आणखी एक: व्हॉल्यूम पुलातल्या सगळ्या एलयूएनवर पसरलेले असतात, म्हणून एक एलयूएन गेला तरी अख्खा पूल ऑफलाइन जातो. त्यामुळे दोन अ‍ॅरे एकाच पुलात मिसळू नयेत.

थिन प्रोव्हिजनिंग ही वहीची सर्वांत मोहक सोय. हाती 40 टीबी, कबूल 100. लिहिले जाईल तेवढीच जागा खर्च होते, त्यामुळे डिस्कची खरेदी पुढे ढकलता येते. पण फाइल पुसली तरी खालच्या स्टोरेजला ते कळत नाही. ‘ही जागा मोकळी झाली’ असे सांगणारी अनमॅप आज्ञा गेली तरच जागा सुटते. लिनक्सवर त्यासाठी एफएसट्रिम ही आज्ञा आठवड्याला चालवतात. एलव्हीएम या लिनक्सच्या व्हॉल्यूम व्यवस्थापकात थिन पुलाची आपोआप वाढ मूळ सेटिंगमध्ये (उंबरठा, म्हणजे पूल किती टक्के भरल्यावर वाढवायचा तो आकडा, 100) बंदच असते. उंबरठा 70 करावा आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पुलाला जागा पुरवणाऱ्या साठ्यात) मोकळी जागा ठेवावी, नाहीतर वाढणार कुठून? पूल भरला की लेखन 60 सेकंद खोळंबते, मग एरर येऊ लागतात.

मेटाडेटाची, म्हणजे वहीने व्यापलेल्या जागेची, टक्केवारी वेगळी दिसते, तीही बघावी. ती वही बिघडली तर डेटा डिस्कवर असूनही सापडत नाही. दुरुस्तीसाठी एलव्हीएम ‘पीएमस्पेअर’ नावाचा लपलेला व्हॉल्यूम राखून ठेवते. जागा कमी पडली की कुऱ्हाड त्यावर पडू शकते. तो काढू नये.