सोयाबीन आलं आणि हाताच्या जखमा बदलल्या

ज्वारी-कापसाच्या काळात विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात सुगीच्या दिवसांत हाताची जखम यायची ती बहुधा विळ्याची. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत धांडा. कापली जायची ती डाव्या हाताची बोटं. कडा सरळ असत. जखम धुऊन, टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन माणूस घरी जाई. खळ्यावर बैल फिरत, तिथे शिंग लागणं नाहीतर पायावर खूर पडणं.

पुढे सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे हटली. सोयाबीन थांबू देत नाही. शेंग वाळली की तडकते, परतीचा पाऊस आला की गंजी भिजते. सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात थ्रेशर, म्हणजे मळणी यंत्र, हवा असतो. मळणीचा दर पोत्यामागे, म्हणून यंत्रवाल्याला खोळंबा परवडत नाही. रात्री ट्रॅक्टरच्या उजेडातही काम चालतं.

हात जातो तो बहुतेक वेळा ओल्या काडामुळे. दमट काड दातेरी ड्रमला गुंडाळतं, तोंड चोंदतं. यंत्र बंद करून साफ करायचं सोडून काड हातानं आत रेटलं जातं, आणि ड्रमनं ते ओढलं की मूठ सोडायला वेळ मिळत नाही. दुसरा धोका पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद थ्रेशरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात दुपट्टा, पदर किंवा वेणी अडकली तर सावध माणूससुद्धा काही करू शकत नाही. शाफ्टवरचं कव्हर तुटलेलं असेल तर ते काढूनच टाकतात.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. हरितक्रांतीत उत्तरेत गव्हाचे थ्रेशर आले, तिथे हात जाऊ लागले, आणि १९८३मध्ये धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा झाला. त्यात पॉवर थ्रेशर नाव घेऊन आहे. बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला परवान्याचं बंधन आहे. भारतीय मानकात भरणीची, म्हणजे पीक यंत्रात सोडायची, नळी किमान ९०० मिमी लांब आणि त्यातली ४५० मिमी वरून झाकलेली हवी. हात ड्रमपर्यंत पोहोचू नये, एवढाच त्या मापाचा अर्थ. पण भरणी लवकर व्हावी म्हणून गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात झाकण कापून घेतलं, तर परवाना काय करणार?

ही जखम विळ्यासारखी नसते. हाड चुरतं, कातडी सोलली जाते, माती-भुसा खोल जातो. म्हणून तुटलेलं बोट जोडणं अनेकदा शक्य होत नाही. तरी ते टाकू नये. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर नको. रक्त थांबवायला स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरावं. मनगटाला सुतळी आवळली तर ती मांसात रुतते. हळद, चुना किंवा तंबाखू भरली, तर धुण्यातच वेळ जातो.

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख मिळतात. ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. थ्रेशरच्या तोंडाशी उभा असतो तो बहुधा मजूर, आणि त्याच्या नावानं सातबारा नसतो.