डायनामो चार्ज करत नाही? कटआऊट बदलण्याआधी हे वाचा
(विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू जीपमालकांसाठी)

दुसऱ्या महायुद्धातली जीप सांभाळणाऱ्यांची आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे 'अँपमीटरचा काटा प्लसकडे जातच नाही', म्हणजेच बॅटरी चार्ज होत नाही. बहुतेकांनी तोवर नवा कटआऊट मागवलेलाही असतो. आमची विनंती एवढीच, की आधी दोष खरंच कटआऊटमध्ये आहे का ते पाहू या.

डायनामो म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. आपण ज्याला कटआऊट म्हणतो त्या काळ्या डबीत, म्हणजे त्याच्या रेग्युलेटरमध्ये, तीन कॉइल असतात. पहिली डायनामोला बॅटरीशी जोडते आणि इंजिन मंदावलं की तोडते. दुसरी करंट आवरते; हा डायनामो ४० अँपिअरचा आहे, त्यापलीकडे ताणला तर आर्मेचर (डायनामोतलं फिरणारं वेटोळं) जळतं. तिसरी व्होल्टेज सांभाळते. गाडी ६ व्होल्टची असली तरी चार्जिंग साधारण ७.२ व्होल्टच्या आसपास हवं. बॅटरीचं पाणी सतत उतरत असेल, बल्ब उडत असतील, तर या तिसऱ्या कॉइलकडे बघा.

इंजिन बंद केल्यावरही काटा मायनसकडे खोल गेलेला दिसला तर लगेच बॅटरीची तार काढा. पहिल्या कॉइलचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेले असू शकतात. अशा वेळी बॅटरी उलट डायनामोलाच मोटरसारखं फिरवू पाहते आणि वायरिंग तापतं.

तपासणीत आम्ही पट्ट्याचा ताण, कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर झटपट पाहून घेतो. मग अर्थिंग. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत खरी गोम इथेच सापडते. या कटआऊटचं अर्थिंग त्याच्या बुडातून होतं आणि खाली रंगाचा जाड थर असला की चार्जिंग बंद पडतं किंवा काटा थरथरतो. बुडाखालचा रंग खरवडल्यावर जीप ठणठणीत झाल्याचं आम्ही किती वेळा पाहिलं आहे! त्यानंतर इंजिनचा वेग जरा वाढवून, कटआऊटवरची 'एफ' (फील्ड) तार सोडवून दोन-तीन सेकंद बॉडीला टेकवतो. काटा एकदम चढला तर डायनामो चांगला आणि कटआऊट खराब. चढला नाही तर नुसता नवा कटआऊट घेऊन उपयोग होईलच असं नाही. ही चाचणी लांबवू नका. त्या वेळी डायनामोला काहीच लगाम नसतो.

बदलताना बॅटरीची मायनस तार आधी काढा. 'ए' (डायनामोकडची), 'बी' (बॅटरीकडची) आणि 'एफ' या तिन्ही तारांना चिठ्ठ्या बांधा, कारण जुन्या वायरिंगचे रंग ओळखू येत नाहीत. रेडिओची खरखर थांबवण्यासाठी लावलेला कंडेन्सर 'एफ'वर कधीही जोडू नका, पॉइंट जळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा कटआऊट बसवला, बॅटरी जोडली, की इंजिन सुरू करण्याआधी एका तारेने कटआऊटवरची 'बी' आणि 'ए' ही टोकं क्षणभर एकमेकांना जोडा. बारीक ठिणगी दिसली की काम झालं. यामुळे डायनामोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व योग्य दिशेला वळतं. हे राहून गेलं आणि डायनामो उलट दिशेने वीज देऊ लागला, तर नव्या कटआऊटचे पॉइंट पहिल्याच फेरीत खराब होतात. चुकूनही 'एफ'ला टेकवू नका.

शेवटी झाकण लावूनच, गाडी गरम झाल्यावर व्होल्टेज मोजा. झाकण उघडं असताना आकडा वेगळा येतो. पॉइंट साफ करायचे तर बारीक कानस वापरा. एमरी पेपरचे कण पॉइंटमध्ये रुततात. स्प्रिंग वाकवून व्होल्टेज जुळवायचा मोह टाळा, ते काम मीटर लावूनच करायचं असतं.

गाडीचं मूळ रूप टिकवायचं असेल तर जुन्या डबीचं झाकण जपून ठेवा. कंपनीचा शिक्का असलेलं झाकण आता सहज मिळत नाही. आम्ही काढलेला प्रत्येक जुना कटआऊट खोक्यात बांधून तुमच्या हाती देतो. नेताना विसरू नका.