उजव्या हाताची दिशा

पावसाळ्यात आमच्या खानापूरच्या घरी आजीचा एकच धोशा असायचा, "मावळतीचं दार लाव की, झड आत यायलीय!" पश्चिम हा शब्द तिच्या तोंडी कधी ऐकला नाही. शेजारच्या कन्नड अज्जी त्याच बाजूला 'पडुवल' म्हणायच्या. 'पडु' म्हणजे पडणं, मावळणं. उगवतीला त्या म्हणायच्या 'मूडल', कारण 'मूडु' म्हणजे उगवणं. एक भाषा आर्यकुळातली, दुसरी द्राविडी. पण दोघींनी दिशा सूर्यालाच विचारली.

संस्कृतातून आलेले आपले शब्द मात्र सूर्यापेक्षा माणसाबद्दलच जास्त सांगतात. पहाटे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर आहे ते पूर्व, म्हणजे पुढचं. पाठीमागे पश्चिम, पश्चात, पश्चात्ताप त्याच घरातले. आणि उजवा हात जिकडे, ती दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण'चा एक अर्थच उजवा. म्हणून देव उजव्या हाताला ठेवून घालायची ती प्रदक्षिणा. अरबांनीही असाच हिशेब केला: 'यमीन' म्हणजे उजवा हात, त्यावरून दक्षिणेकडचा यमन देश, आणि अरबीत डावीकडे आणि उत्तर यांची मूळ अक्षरं एकच. आपला 'उत्तर' मात्र या चौकटीत बसत नाही. उद् म्हणजे वर, त्याला 'तर' लागून झालं 'अधिक वरचं'. डाव्या हाताचा तिथे पत्ताच नाही.

दख्खन हाही दक्षिणचाच अपभ्रंश. म्हणजे ज्या पठाराच्या कडेला आम्ही राहतो, त्याचं नावच मुळी 'उजवी बाजू'. कुणाची उजवी, तर वर उत्तरेत उभ्या असलेल्या कुणाची तरी!

यात एक गंमत आहे. पूर्व म्हणजे समोरचं, तर मग 'पूर्वी' म्हणजे होऊन गेलेलं कसं? एस.टी.च्या रांगेत उभे राहिलात की उलगडा होतो. जो तुमच्या पुढे, तो तुमच्या आधी आलेला. पूर्वज या रांगेत पुढे आहेत.

आता आजीची उगवत आणि नकाशातली पूर्व एकच का? वर्षातून दोनच दिवस, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना, सूर्य अगदी पूर्वेला उगवतो. आमच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १६ अंश उत्तरेला, तो जूनमध्ये पूर्वेच्या डावीकडे साधारण २४ अंश सरकतो, डिसेंबरात तितकाच उजवीकडे. आमच्या अंगणातून पाहिलं, तर डिसेंबरात चिंचेमागून येणारा सूर्य जूनमध्ये शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीमागून येतो.

खरी पूर्व काढायची रीत कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे, आणि तिला लागते फक्त एक काठी. सपाट जमिनीवर काठी सरळ रोवा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक जिथे वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर जिथे शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा.

हा खेळ मी मेच्या शेवटी अंगणात केला. इथे मध्यान्ह बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आम्ही त्याच्या ८ अंश पश्चिमेला. म्हणून सूर्य माथ्याजवळ यायला साडेबारा वाजतात. त्या वेळी तीन फुटी काठीची सावली जेमतेम तीन-साडेतीन इंच उरली होती, आणि ती पडली होती दक्षिणेकडे. शाळेत शिकलो होतो की भरदुपारची सावली उत्तरेला पडते. पण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य आमच्या माथ्यावरून उत्तरेला कललेला असतो. एरवी पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी प्रदक्षिणा घालणारा सूर्य हे तीन महिने आम्हाला डावी घालतो.