सभाबंदीपासून नमुना ६ पर्यंत: मराठवाड्यातल्या नागरिकशास्त्राची पार्श्वभूमी

मराठवाड्यात नागरिकशास्त्राचा तास सुरू होण्याच्या कितीतरी आधी शाळेने पोरांना राजकारणात आणले होते. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' ही सभांवरची सरकारी आज्ञा आडवी येई आणि खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. त्यामुळे १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, तेव्हा ती गोष्ट आपोआपच राजकीय ठरली. स्वामी रामानंद तीर्थ आधी या शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता मास्तर असावा, हा योगायोग मला वाटत नाही. सभेला बंदी असलेल्या मुलखात चार माणसे रोज एकत्र बसतील, बोलतील अशी दुसरी जागा होती कुठे?

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस या राजकीय संघटनेवर तिची स्थापना होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. त्यांची नावे कमी केली गेली. मुले माफी न मागता बाहेर पडली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने प्रार्थनेसाठी डिग्री पणाला लावायची, घरी बापाला काय सांगायचे हेही ठाऊक नसताना. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेल्या पिढीचा हा पहिला धडा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून, दलित वस्त्यांतून आलेली मुले नागसेनवनात, म्हणजे या कॉलेजच्या परिसरात, राहू लागली, वाचू लागली, भांडू लागली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटवले. नोकऱ्या, उद्योग, रुंद रेल्वेमार्ग या मागण्या त्यांनी रस्त्यावर आणल्या. मात्र २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि गावोगाव दलितांची घरे जळाली. त्या हिंसेत शिकलेले तरुणही होते, हे विसरून ही पार्श्वभूमी लिहिणे खोटेपणाचे होईल. रस्त्यावर उतरता येणे वेगळे आणि शेजाऱ्याचा हक्क मानणे वेगळे. दुसरी गोष्ट आमच्या शाळा-कॉलेजांनी पुरेशी शिकवली नाही.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने राज्यभरातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी. मारामाऱ्या होत, पैसा ओतला जाई, हे खरेच होते. पण मते मागणे, हरणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणे याचा सरावही त्याबरोबर गेला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण कॉलेजांत मतपेट्या काही परतल्या नाहीत. तोवर घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले होते, म्हणजे मत लवकर मिळाले आणि सरावाची जागा गेली.

नागरिकशास्त्र आता इतिहासाच्या पुस्तकात मागे जोडलेले असते. परीक्षा जवळ आली की ग्रामसभेच्या धड्यावर 'हे वाचून घ्या' एवढेच ऐकू येते. अमेरिकेत १९६८ साली लँगटन आणि जेनिंग्ज या अभ्यासकांनाही आढळले होते की शाळेतल्या नागरिकशास्त्राचा बहुतेक मुलांच्या राजकीय ओढीवर फारसा परिणाम होत नाही. कृष्णवर्णीय मुलांवर मात्र तो अधिक दिसला. नागसेनवन पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

तरी जिल्हा परिषदेच्या शाळांत एक चांगली गोष्ट चालते, ती म्हणजे शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. कुठे मोबाइलवरच मतदान यंत्राचे ॲप उघडतात. बाकावर बसलेली सातवीची मुलगी यादीत नाव शोधते, बोटाला स्केचपेनची खूण करते आणि पडद्यामागे पाठवते. आता सतराव्या वर्षीही मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. चार-पाच वर्षांनी ही मुलगी तो भरेल तेव्हा यादी, खूण, पडदा हे सगळे तिच्या ओळखीचे असेल.