नोतान

‘नोतान’ हा जपानी शब्द आहे. ‘नो’ म्हणजे दाट, ‘तान’ म्हणजे फिकट. चित्रात गडद आणि उजळ जागा एकमेकींशेजारी कशा बसल्या आहेत, एवढेच ही संकल्पना पाहते. उजेड कोणत्या बाजूने आला आणि सावली कुठे पडली, हा छायाप्रकाशाचा विषय; नोतानमध्ये दोन सपाट जागा असतात आणि दोघींचा मान सारखा.

पाश्चात्त्य कलाशिक्षणात हा विचार रुजवला तो अमेरिकी चित्रकार-शिक्षक आर्थर वेस्ली डाउ (१८५७–१९२२) यांनी. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील जपानी चित्रांचे अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा यांच्याशी १८९१ मध्ये त्यांचा परिचय झाला. १८९९ च्या ‘कॉम्पोझिशन’ या पुस्तकात डाउंनी रेषा, नोतान आणि रंग अशा क्रमाने चित्ररचना शिकवली. चित्रकार जॉर्जिया ओकीफ या त्यांच्या विद्यार्थिनी.

वर्गात नोतान शिकवायला कातरकामासारखे साधन नाही. पेन्सिल हातात आली की मुले छटा घासत बसतात. कात्रीला करडा रंग ठाऊकच नसतो. सर्वांत प्रचलित पाठ चौरसाच्या विस्ताराचा. काळ्या कागदाचा साधारण १२ सेंमी. चौरस मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मध्यावर ठेवायचा. चौरसाच्या कडेपासून कापायला सुरुवात करून पुन्हा त्याच कडेवर यायचे. निघालेला तुकडा त्या कडेवरच बिजागरीसारखा बाहेर उलटायचा आणि चिकटवायचा. अर्धवर्तुळ कापले तर कडेच्या आत पांढरे अर्धे आणि बाहेर काळे अर्धे मिळून पूर्ण वर्तुळ दिसते. पान कापले आणि त्यातून शिरा कोरून काढल्या, तर पान बाहेर जाते, पण काळ्या शिरा मूळ जागीच, पांढऱ्या पोकळीत चिकटवायच्या. एकही कपटा टाकायचा नाही, हा यातला खरा नियम: चौरसातून कापून काढलेला प्रत्येक काळा भाग कुठेतरी दिसलाच पाहिजे.

कागद निवडताना सांभाळावे लागते. नेहमीचा घोटीव कागद पाठीमागून पांढरा असतो. तुकडा उलटला की काळा भागच नाहीसा होतो आणि मूल गोंधळते. म्हणून दोन्ही बाजूंनी काळा असलेला कागद हवा. सगळे तुकडे आधी मांडून, डोळे किलकिले करून पाहावेत आणि मगच गोंद लावावा. नक्षी काळी दिसते की पांढरी, हे चटकन ठरवता येईना, तर पाठ जमला. पांढरा भाग नुसता उरलेला वाटला, तर कापणी फार भित्री झाली आहे.

कापलेल्या रिकाम्या जागेलाच आकार मानण्याची दृष्टी आपल्याकडेही आहे. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत कागद बारीक कोरून साचा करतात आणि त्याच्या भोकांतून कोरडे रंग टाकून देवळात रांगोळी उमटवतात. जपानमध्ये किमोनोच्या कापडावर नक्षी छापण्यासाठी ‘कातागामी’ हे कागदी साचे वापरतात. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर तेंदूवर्गीय फळाच्या रसाने चिकटवून ते घट्ट केले जातात.